छत्री, समाधी, कबर: ग्वाल्हेरच्या स्मृतिस्थळांचे फोटो काढायला शिकताना

ग्वाल्हेरात गेलेल्या माणसांच्या खुणा एका जागी सापडत नाहीत. लष्कर नावाच्या भागात छत्री बाजारला शिंदे घराण्याच्या छत्र्या, फूलबागेजवळ राणी लक्ष्मीबाईंची समाधी, हजिऱ्याला सूफी संत महंमद घौस यांचा मकबरा आणि त्याच आवारात तानसेनांची कबर, तिकडे मुरारला छावणीच्या काळातल्या इंग्रजी कबरी. चार जागा आणि आठवण ठेवायच्या चार रीती, त्याही रिक्षाने फिरता येतील इतक्या अंतरात. फोटो शिकणाऱ्याला अशी सोय फार थोड्या गावांत मिळते.

हातात साधा कॅमेरा किंवा फोन आहे, पण अशा जागी तो बाहेर काढायला मन कचरतं, अशांसाठी हा लेख आहे. कचरणं योग्यच आहे, ते सोडू नका. फक्त ते कामी कसं लावायचं ते बघू. या फोटोंमध्ये शोधायची मुख्य गोष्ट एकच: इथे आठवलं जाणारं माणूस आजही कोणी सांभाळतंय का, आणि कसं सांभाळतंय. प्रकाश, कोन, सेटिंग हे सगळं त्या शोधासाठी.

समोर काय आहे ते आधी ओळखा

छत्री म्हणजे कबर असा समज घेऊन आलात तर पहिला फोटोच चुकेल. आपल्याकडे दहन होतं, अस्थी नदीत जातात, देहाचं असं काही मागे राहत नाही. छत्री उभी राहते ती दहनाच्या जागी किंवा नुसती स्मरणासाठी. महादजी शिंदे १७९४ साली पुण्याजवळ वानवडीला गेले, म्हणून त्यांची छत्री तिथे आहे, ग्वाल्हेरला नाही. मल्हारराव होळकर १७६६ मध्ये आलमपूरला गेले, त्यांची छत्री आलमपूरला. छत्रीच्या आत बहुधा शिवलिंग असतं, कुठे पादुका, कुठे मूर्ती. म्हणजे तुम्ही ज्याचा फोटो काढताय ती जागा देहाच्या दृष्टीने रिकामी आहे आणि रोजच्या पूजेने भरलेली आहे. गाभाऱ्याकडे तोंड करून उंबऱ्याबाहेरून घेतलेला फोटो हे जितकं नीट सांगतो तितका कळसाचा फोटो सांगत नाही.

लिंगाभोवती फिरताना शाळुंकेची पन्हळ ओलांडायची नाही. ती बहुतेक ठिकाणी उत्तरेला असते. पन्हळीपर्यंत जायचं, परत फिरायचं, दुसऱ्या बाजूने पुन्हा पन्हळीपर्यंत यायचं. चांगला कोन पलीकडच्या बाजूला दिसला म्हणून टाकलेली एक ढांग पुजाऱ्याच्या मनातून तुम्हाला कायमचं उतरवते.

मुसलमानी कबरीची लांबी उत्तर-दक्षिण असते आणि डोकं उत्तरेला. देह उजव्या कुशीवर, चेहरा किबल्याकडे (मक्केच्या दिशेला), म्हणजे आपल्या देशात पश्चिमेकडे, ठेवतात म्हणून. वर दिसणाऱ्या दगडी चौथऱ्याला तावीज म्हणतात. मुघल काळच्या कबरींवर आणखी एक खूण वाचता येते. तावीजाच्या माथ्यावर कलमदानासारखा उंचवटा असेल तर कबर पुरुषाची, पाटीसारखा सपाट भाग असेल तर स्त्रीची. नाव झिजून गेलं असलं तरी ही खूण पुष्कळदा शाबूत असते, तेव्हा तिचा एक फोटो वरच्या बाजूने जरूर घ्या.

ख्रिस्ती कबरीत रिवाजाने डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला. हे दिशांचं प्रकरण पाठ करून ठेवा. कोणत्या जागी किती वाजता जायचं ते यावरूनच ठरतं.

पहिली फेरी पिशवी बंद ठेवून

आत शिरल्यावर पहिली पंधरा मिनिटं कॅमेरा पिशवीत आणि फोन खिशात. सेवेकरी, पुजारी, मुजावर, चौकीदार, जे कोणी असेल त्यांच्याशी आधी बोला. ग्वाल्हेरात हे बोलणं बहुतेक हिंदीतच होईल: «बाबा, आप कब से हैं यहाँ? फोटो ले लें, कोई हर्ज तो नहीं?» पहिला प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याच्या उत्तरात कुठला दिवा कोण लावतं, कोणत्या दिवशी कोण येतं, कुठल्या कोपऱ्यात पाय ठेवायचा नाही, हे सगळं आपसूक येतं.

घौसांचा मकबरा आणि तानसेनांची कबर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. अशा स्मारकांत हातात धरलेल्या कॅमेऱ्याला सहसा हरकत नसते, तिपाईला मात्र आधी परवानगी लागते. ड्रोनचा विचारच नको, शहराला लागून महाराजपूरचा हवाई दलाचा तळ आहे. जिथे घराण्याचा किंवा खासगी न्यासाचा कारभार आहे तिथे नियम त्यांचे. एका छत्रीत फोटो काढू दिले म्हणून शेजारच्या छत्रीत चालतील असं धरू नका.

चप्पल कुठे काढायची ते दुसऱ्यांकडे बघून ठरवा. दर्ग्यात डोक्यावर रुमाल हवा. पिशवी, पाण्याची बाटली, भिंगाचं झाकण यांतलं काहीही कबरीवर किंवा चौथऱ्यावर ठेवायचं नाही. नवशिक्यांकडून सर्वांत जास्त होणारी चूक हीच, आणि तीही नकळत, कारण चौथरा बरोबर हाताच्या उंचीला येतो. जुन्या दफनभूमीत काही कबरी जमिनीच्या पातळीला आलेल्या असतात. गवतात लांबट चौकोनी उंचवटा किंवा खळगा दिसला तर तिथे कबर आहे असंच समजा आणि पायांच्या बाजूने वळसा घाला.

चितेचे फोटो काढू नका, मुक्तिधामात शोकात असलेल्या माणसांचेही नाहीत. कुटुंबाने स्वतः बोलावलं असेल तेवढा अपवाद.

ऊन कुठून येतं

फोटोच्या पुस्तकांत सकाळ-संध्याकाळचं सोनेरी ऊन सांगितलेलं असतं. इमारतीसाठी ते ठीक आहे, कोरलेल्या अक्षरांसाठी बरेचदा निरुपयोगी. अक्षर दिसतं ते त्याच्या सावलीमुळे, आणि सावली पडते ती ऊन दगडाला घासून गेलं तर. पूर्वेकडे तोंड असलेल्या शिळेवर सूर्योदयाचं ऊन समोरून पडतं. दगड सुंदर केशरी दिसतो आणि अक्षरं गायब होतात.

ग्वाल्हेरात सूर्य डोक्यावर, म्हणजे बरोबर दक्षिणेला, येतो तो घड्याळात बारा ते साडेबाराच्या दरम्यान. त्याच्या तासभर आधी पूर्वमुखी शिळेवरचं ऊन पृष्ठभागाला साधारण १४ ते १५ अंशांनी घासतं. हे बाराही महिने खरं आहे. पश्चिममुखी शिळेसाठी तोच हिशेब माध्यान्हीनंतर एका तासाने. म्हणजे मुरारची ख्रिस्ती दफनभूमी सकाळी सातला गाठायची काही गरज नाही. अकराला जा. अक्षरं दगडाच्या कोणत्या बाजूला आहेत ते बघा आणि त्याप्रमाणे बाराच्या आधी किंवा नंतर फोटो घ्या.

ऋतूने फरक पडतो तो वेगळ्या बाबतीत. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४० अंशांवर असतो, जूनमध्ये तो ८७ अंशांवर, जवळजवळ माथ्यावर. आता देवनागरीचा विचार करा. शिरोरेषा आडवी, काना उभा. वरून येणारं ऊन शिरोरेषेला सावली देतं आणि काना बुडवतं. बाजूने येणारं ऊन काना उठवतं आणि शिरोरेषा पुसून टाकतं. जूनच्या माध्यान्ही काढलेल्या फोटोत ओळीच्या ओळी नुसत्या दोऱ्यांसारख्या दिसतात, ‘रामराव’ आहे की ‘रमरव’ ते कळत नाही. डिसेंबरातलं अकराचं ऊन दक्षिणेकडून तिरपं, वरूनही आणि बाजूनेही येतं, त्यामुळे दोन्ही रेघा एकाच फोटोत मिळतात. शिलालेखांसाठी मार्गशीर्ष-पौष उत्तम म्हणायचं ते यामुळे.

दक्षिणमुखी शिळेला असं घासतं ऊन मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस, सकाळी साडेआठ किंवा दुपारी साडेचारच्या सुमाराला मिळतं. उत्तरमुखी शिळेवर हिवाळ्यात ऊन येतच नाही. तिच्यासाठी जूनमध्ये सकाळी सात ते साडेआठ ही वेळ, नाहीतर आरसा.

डिसेंबर-जानेवारीतलं धुकं ही ग्वाल्हेरची देणगी समजा. छत्र्यांच्या मागचे विजेचे खांब, तारा, टाक्या, फलक हे सगळं त्यात विरून जातं आणि दगड एकटा उभा राहतो. पण कॅमेरा धुक्याला उजेड समजतो आणि फोटो मळकट करतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोतला उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) +०.७ ते +१ करा. उबदार खोलीतून निघाल्यावर भिंगावर दव धरत नाही, उलट परत घरात शिरल्यावर धरतं. तेव्हा घरी आल्यावर पिशवी वीस-पंचवीस मिनिटं उघडू नका. मे-जूनमध्ये फोन तापून मंदावतो, पडद्यावर काही दिसेनासं होतं. काळी छत्री जवळ ठेवा, ती दुसऱ्या कामालाही लागेल.

अक्षरं वाचता येतील असा फोटो

या कामाला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ द्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. ग्वाल्हेरचा दगड मुख्यतः वालुकाश्म. कोरायला गोड, आणि म्हणूनच झिजायला सोपा. ओल खालून चढते, दगडाला लोणा लागतो, मीठ पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतं आणि वरचा पापुद्रा अक्षरांसकट सुटतो. आज वाचता येणारी ओळ पाच पावसाळ्यांनी असेलच असं नाही. तुमचा फोटो त्या माणसाच्या नावाची शेवटची प्रत ठरू शकते.

दगडाला हात लावायचा नाही. खडूने अक्षरं भरायची नाहीत. खडूची भुकटी दगडाच्या छिद्रांत बसते, पुढच्या पावसात त्याचा पांढरा डाग होतो. पीठ, राख, साबणाचा फेस, तारेचा ब्रश, पाण्याचा मारा, सगळं वर्ज्य. पापुद्रा सुटायच्या बेतात असेल तर हलक्या फडक्यानेही तो खाली येतो. चादर किंवा फुलं बाजूला सारून खालचं नाव टिपायचं नाही. झाकलेलं असेल तर ते झाकलेलंच राहू द्या. पुढच्या वेळी सेवेकरी स्वतः चादर बदलत असेल तेव्हा विचारा.

साहित्य थोडं लागतं: साधारण ३० × ४० सेंटीमीटरचा सपाट आरसा (कडांना चिकटपट्टी लावून), एक टॉर्च, काळी छत्री, १५ सेंटीमीटरची पट्टी, आणि एक जोडीदार. कामाचा क्रम असा:

१. शिळेच्या बरोबर समोर, अक्षरांच्या मध्याइतक्या उंचीवर कॅमेरा आणा. कबर खाली असेल तर बसा. वाकून वरून घेतलेल्या फोटोत खालच्या ओळी चेपतात.

२. फोन असेल तर मुख्य भिंग (१×) वापरा. ०.५× च्या रुंद भिंगाने कडेच्या ओळी वाकतात. अक्षरांवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड दोन्ही पक्के करा. कॅमेरा असेल तर ३५ ते ५० मिलिमीटरचं भिंग, भिंगाचं छिद्र एफ ८, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० ते ४००, शटरचा वेग १/१२५ च्या खाली नको.

३. आहे त्या उजेडात एक फोटो. पट्टी शेजारी जमिनीवर ठेवून दुसरा. पट्टी शिळेला टेकवू नका.

४. शिळा सावलीत असेल तर जोडीदाराला उन्हात उभं करून आरशाने कवडसा बाजूने, शिळेला घासेल असा टाकायला सांगा. एक फोटो डावीकडून, एक वरच्या डाव्या कोपऱ्यातून. तिरका कवडसा देवनागरीला सर्वांत मानवतो.

५. आरसा जमत नसेल तर शिळेवर छत्रीची सावली धरा आणि टॉर्च शिळेच्या कडेपासून हातभर, साठ-सत्तर सेंटीमीटर लांब, जवळजवळ समांतर धरा. टॉर्च अगदी कडेला टेकवली तर जवळची अक्षरं जळून पांढरी होतात आणि लांबची अंधारात जातात.

टॉर्च खालून मारू नका. उजेड वरून येतो हे आपल्या डोळ्याने गृहीत धरलेलं असतं, त्यामुळे खालून उजळलेली खोदीव अक्षरं फोटोत उठावाची वाटतात. फारसी लेख पुष्कळदा उठावात कोरलेले असतात, देवनागरी बहुधा खोदून. नंतर वाचणाऱ्याला हा फरक कळायला हवा, म्हणून वहीत ‘खोदीव’ की ‘उठाव’ ते लिहून ठेवा.

संगमरवराच्या शिळेवर कॅमेरा पांढऱ्याला राखाडी करतो, +०.७ द्या. अंधाऱ्या कोनाड्यात तो उलट सगळं उजळून धुवून टाकतो, तिथे −१.

घौसांच्या मकबऱ्यातली जाळी

सोळाव्या शतकातली ही इमारत नवशिक्याला हटकून फसवते. चारी बाजूंनी दगडी जाळ्या, आत काळोख, बाहेर डोळे दिपवणारा उजेड. फोन दोन्ही एका फोटोत बसवायचा प्रयत्न करतो आणि काळोखाला राखी करून टाकतो. काळोख राहू द्या. जाळीतल्या उजळ भागावर बोट ठेवून उजेड पक्का करा, मग एक्स्पोजर आणखी थोडं खाली ओढा. नक्षी स्वच्छ येते, आतली माणसं सावल्यांसारखी दिसतात आणि कोणाचा चेहरा न दाखवता त्यांची उपस्थिती मिळते. कॅमेऱ्यावरही उजेड जाळीच्या उजळ भागावरूनच मोजा.

जमिनीवर पडणारी उजेडाची नक्षी हवी असेल तर लक्षात घ्या, बाहेर रुंद छज्जे आहेत. सूर्य वर गेला की ऊन छज्ज्यावरच अडतं. खाली असताना, सकाळी किंवा उतरत्या दुपारी, ते जाळीतून आत येतं. आणि नक्षी जाळीपासून जितकी लांब पडेल तितकी तिची कड विरते, दर मीटरमागे जवळजवळ एक सेंटीमीटर. हा तुमच्या फोकसचा दोष नाही. सूर्य बिंदू नसून आभाळातली चकती आहे, म्हणून प्रत्येक भोकातून त्या चकतीची प्रतिमा पडते. जाळीच्या पायथ्याशी षटकोन षटकोनासारखा दिसतो, तीन-चार मीटर आत तोच गोल डाग होतो. रेखीव नक्षी हवी तर भिंतीजवळ बसा. मऊ डाग हवे तर आत या. दोन्ही एकाच फोटोत हवे असतील तर भिंतीला पाठ न लावता कडेने, जमिनीपासून हातभर उंचीवरून घ्या.

तानसेनांची कबर त्या मानाने लहान, खांबांच्या उघड्या मंडपात. मोठा मकबरा पाठीमागे ठेवून तिला दुर्बळ दाखवणारे फोटो पुष्कळ आहेत. तिच्यापाशी बसा, कॅमेरा ७५-८० सेंटीमीटरवर आणा. जमिनीवर बसलेल्या माणसाचे डोळे तिथे असतात, आणि इथे येणारा गवई बसूनच नमस्कार करतो. शेजारी चिंच आहे. तिचा पाला चघळला की आवाज सुधारतो या श्रद्धेने गायक येतात. पानं तोडणाऱ्या हाताचा फोटो विचारून घ्या, फोटोसाठी स्वतः पानं तोडू नका.

डिसेंबरात तानसेन समारोह असतो. त्याची सुरुवात सकाळी इथेच हरिकथा आणि मिलादने (पैगंबरांच्या स्तुतिपठणाने) होते. लष्करच्या ढोलीबुवांच्या परंपरेतली हरिकथा आणि त्याच जागी मिलाद आणि चादर. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने निदान एकदा ही सकाळ चुकवू नये. फ्लॅश बंद, शटरचा आवाज बंद, आणि बुवा निरूपणात असताना उभं राहायचं नाही. कडेला बसून जे दिसेल तेवढंच घ्यायचं.

जपणुकीच्या खुणा

आता मूळ गोष्ट. प्रत्येक जागी इमारतीचे चार फोटो झाले की पुढचा अर्धा तास फक्त एवढंच बघा: इथे शेवटचं कोण येऊन गेलं?

दिव्याचा कोनाडा घ्या. कमानीच्या आत वरती काजळीचा पट्टा असतो, खाली तेलाचा ओघळ. दोन्ही काळेच, पण कडेने बघितलं की वेगळे दिसतात. जुनी काजळी मखमलीसारखी, चमक नसलेली. ताजं तेल उजेड परत फेकतं. तेल चमकत असेल, त्याच्या काठावर धूळ बसलेली नसेल, तर दिवा काल-परवाचा. तेल घट्ट होऊन त्याला धुळीची साय आली असेल तर बरेच दिवस इथे कोणी आलेलं नाही. हा फोटो समोरून घेऊन उपयोग नाही. तीसेक सेंटीमीटरवर, बाजूच्या उजेडाकडे तोंड करून, चमक दिसेल असा घ्या. एक्स्पोजर −१, नाहीतर काजळीची राख होते.

असंच बाकीचं. देठाशी अजून हिरवा असलेला झेंडू, पायरीवर मधोमध झिजलेला खळगा, चुन्याचे एकावर एक चढलेले थर, मेणबत्तीचं ओघळलेलं मेण, उंबऱ्यावर रांगोळीचे चार ठिपके, मुरारच्या एखाद्या कबरीपाशी कोणीतरी उपटून रचून ठेवलेलं गवत.

म्हणून काळे-पांढरे फोटो सुरुवातीला टाळा. दफनभूमी म्हटलं की रंग काढून टाकायची सवय सगळ्यांना असते. रंग गेला की आज सकाळचा शेंदूर आणि दहा वर्षांपूर्वीचा डाग एकसारखे होतात, आणि आपण जे शोधत होतो तेच हातातून जातं. ढग गडद करणं, कडा काळ्या करणं, एचडीआर (काळोख आणि उजेड एका फोटोत बसवणारी सोय) पूर्ण चढवणं, हेही नको. उदासपणा बाहेरून चढवला की तो बघणाऱ्याला लगेच कळतो.

दुर्लक्षाच्या खुणाही त्याच आदराने टिपा. घुमटाच्या फटीतला पिंपळ, तुटलेली जाळी, नावावर मारलेला ऑइलपेंट. मूळ उपटू नका, पिंपळाची मुळं दगडांत शिरलेली असतात आणि ओढली तर दगडच निखळतो. तारीख घालून फोटो ठेवा आणि जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना एक प्रत द्या.

राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी हे जपणुकीचं निरीक्षण थोडं वेगळं करावं लागतं. ती जागा साऱ्या शहराची आहे, जूनमध्ये बलिदानाच्या दिवसांत तिथे गर्दी असते, घोड्यावरच्या पुतळ्याचे फोटो सगळेच काढतात. पुतळा सोडा. समाधीकडे तोंड करून रस्त्यावरून जाणाऱ्यांकडे बघा. कोण चालता चालता छातीला हात लावतं, कोण गाडी थांबवतं. पाठीमागून, चेहरे न दाखवता.

घरी आल्यावर

त्याच रात्री नोंद करा, दुसऱ्या दिवशी दिशा आठवत नाहीत. फाइलच्या नावात तारीख, जागा, शिळेचं तोंड कुठल्या दिशेला आणि क्रमांक. मूळ फाइल तशीच ठेवा, सरळ करणं आणि कातरणं प्रतीवर करा. दोन वेगळ्या ठिकाणी साठवा.

सनांचा घोळ होतो, तेव्हा सूत्रं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. शकात ७८ मिळवले की इसवी सन. विक्रम संवतातून ५७ वजा केले की इसवी सन. राणींच्या लढाईचं साल १८५८, म्हणजे शके १७८०, संवत १९१५. चैत्राच्या आधीचे महिने असतील तर एक वर्षाचा फरक पडतो. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून नुसती बेरीज चालत नाही. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. ९७० हिजरी म्हणजे १५६३ च्या आसपास, घौसांच्या निधनाचा काळ. शिळेवर तिथी असेल तर तिथीच लिहा. आपल्याकडे वर्षश्राद्ध तिथीवर होतं, आणि नंतर कोणी शोधत आलं तर त्याला तीच हवी असते.

फोटोखालच्या ओळीत ‘काळाच्या पडद्याआड’ किंवा ‘मृत्यू अटळ आहे’ असलं काही लिहू नका. नाव मोठ्याने वाचा, जन्म-मृत्यूची वर्षं असतील तर वय काढा, आणि डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहा: ‘शिळा पूर्वमुखी, चौथी ओळ सुटलेली, पायाशी दोन पणत्या, एकीत तेल.’ मुरारला एका रांगेतली वयं काढत गेलात आणि ती दोन वर्षं, अकरा महिने, चोवीस वर्षं अशी निघाली, की त्याच्यावर निराळं भाष्य करायची इच्छाच राहणार नाही.

अलीकडच्या मृतांची नावं आणि तसबिरी बाहेर टाकू नका. घरचे लोक हयात असतील तर ती आठवण आधी त्यांची आहे.

आणि एक घरचा सराव. लष्कर भागातल्या बहुतेक मराठी घरांना दाखवायला ना कबर ना छत्री. भिंतीवरची तसबीर, वर्षातून एकदा श्राद्धाला वाढलेलं पान, आणि रोज वापरात राहिलेली एखादी वस्तू: पूजेची पळी, अडकित्ता, चष्म्याचं घर. ती वस्तू सजवून मांडू नका. ती जिथे असते तिथेच, खिडकीच्या उजेडात, कोणी वापरून खाली ठेवल्याक्षणी टिपा. छत्रीत जे शोधलंत तेच इथे शोधायचं आहे, आणि इथे ते ओळखायला सोपं जातं, कारण कोणी सांभाळलंय ते तुम्हाला माहीत असतं.

चांगला आलेला एखादा फोटो ४ × ६ इंचात छापा (१२०० × १८०० पिक्सेल पुरतात) आणि ज्यांनी आत येऊ दिलं त्या सेवेकऱ्याला किंवा मुजावराला नेऊन द्या. ते फोटो हातात घेऊन हमखास काहीतरी दाखवतात. हा कोनाडा आता बंद आहे, इथे पूर्वी घंटा होती. वही जवळ ठेवा.

पुन्हा जाल तेव्हा तोच फोटो त्याच जागेवरून घ्या. त्यासाठी पहिल्याच वेळी उंबऱ्यापासून फरशा मोजून ठेवायच्या: सरळ किती, डावीकडे किती, कॅमेरा गुडघ्याला की छातीला. एकदा डिसेंबरात, एकदा आषाढात दगड ओला आणि हिरवा असताना, आणि एकदा सर्वपित्री अमावास्येला, सकाळी, दिवे लावून झाल्यावर.